माकणीच्या पोरांनी शिडाच्या बोटीत का बसू नये?

पाठीवर पिशवी टाकून परदेशात जायचं, अनोळखी वीस-पंचवीस जणांबरोबर शिडाच्या बोटीत चढायचं, दोन-तीन दिवस बेटाबेटांतून हिंडायचं आणि रात्री बोटीतच झोपायचं, हे आपल्या पोरांना शोभत नाही. लोहारा तालुक्यात, आमच्या माकणीत तर जास्तच, हे मत सध्या फार ठामपणे मांडलं जातंय. निमित्त झालं ते बाहेर पडलेल्या मुलांचं. कुणी पुण्यात नोकरीला आहे, कुणी ऑस्ट्रेलियात शिकतंय, आणि अशा सहलींचे फोटो गावातल्या मोबाइलवर येऊ लागले आहेत. पारावर, लग्नाच्या मांडवात, सोसायटीच्या ओट्यावर विषय निघतो आणि निकालही तिथल्या तिथे लागतो.

निकाल देणारी माणसं टवाळ नाहीत. त्यांत निवृत्त गुरुजी आहेत, पोटाला चिमटा काढून मुलांना शिकवलेले शेतकरी आहेत, मुलींना कॉलेजला पाठवण्यासाठी भावकीशी भांडलेल्या आया आहेत. म्हणूनच त्यांना उत्तर द्यायला हवं. त्यांचं म्हणणं असं की, शेजारच्या लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं, अशा भागातल्या पोरांनी समुद्रात जाऊन मौज करणं बरं दिसत नाही. हा पैसेवाल्यांचा आणि गोऱ्यांचा छंद आहे, जिवाला धोका आहे, मुलींच्या बाबतीत तर बोलायलाच नको, आणि मुळात आपला नि समुद्राचा संबंधच काय? मला यातला जवळजवळ प्रत्येक मुद्दा चुकीचा वाटतो. शेवटचा तर आमच्या भागाचं थेट नुकसान करणारा वाटतो.

आधी ही सहल काय असते ते सांगतो, कारण विरोध करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे सिनेमातली पांढरी नौका, हातात ग्लास धरलेली माणसं आणि दिमतीला नोकर असं चित्र आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात एअर्ली बीच नावाचं किनाऱ्यावरचं छोटं गाव आहे. त्याच्या समोरच्या समुद्रात व्हिट्संडे बेटं आहेत, एकूण ७४. तिथे न्गारो नावाचे आदिवासी हजारो वर्षांपासून होड्यांनी ये-जा करत आले. आज त्याच पाण्यात दोन रात्रींच्या, तीन रात्रींच्या सहली निघतात. त्यातल्या कित्येक बोटी एके काळी शर्यतीत धावलेल्या आणि आता प्रवाशांसाठी वापरात आलेल्या आहेत. खाली एकावर एक अरुंद बाकडी, आणि शेजाऱ्याच्या अंगाला हात लागेल इतकी दाटी. शीड चढवायची वेळ झाली की खलाशी प्रवाशांनाच हाक मारतात. दोघं समोरासमोर उभे राहून विंचचे दांडे फिरवतात, दोर ताणला जातो आणि शीड डोलकाठीवर चढतं. बोट एका अंगाला कलली की सगळ्यांनी वरच्या कडेला जाऊन बसायचं. दिवसा बेटावर उतरायचं, व्हाइटहेवनच्या सात किलोमीटर पांढऱ्या वाळूवरून चालायचं, प्रवाळावर तरंगत मासे पाहायचे. साधारण नोव्हेंबर ते मे या महिन्यांत विषारी जेलीफिश असतात, म्हणून पाण्यात उतरताना अंगभर पातळ सूट घालायचा. इंडोनेशियात लोंबोकहून लाबुआन बाजोला जाणाऱ्या चार दिवसांच्या बोटींवर तर बरेच जण डेकवर गाद्या टाकून झोपतात. कोलंबिया आणि पनामा यांच्या मधल्या दारिएनच्या जंगलातून गाडीरस्ताच नाही, त्यामुळे तिथले प्रवासी सान ब्लास बेटांमधून शिडाच्या बोटीने पाच दिवसांत पलीकडे जातात, आणि त्या बेटांवर कारभार चालतो तो तिथल्या गुना लोकांचा.

हे कुणा भलत्या देशातल्या भलत्या माणसांचं राहिलेलं नाही. ऑस्ट्रेलियाने २०२४ पासून भारतीय तरुणांसाठी काम करत हिंडण्याचा व्हिसा खुला केला आहे. वय १८ ते ३०, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण, कामापुरतं इंग्रजी, आणि वर्षाला १,००० जागा सोडतीने. जगभरचे बॅकपॅकर याच पद्धतीच्या व्हिशावर तिथे जातात, शेतावर फळं तोडतात, हॉटेलात भांडी घासतात, आणि साठवलेल्या पैशातून चार दिवस बोटीवर जातात. उमरग्याच्या किंवा लोहाऱ्याच्या पदवीधराला या सोडतीत नाव घालायला कुणाची शिफारस लागत नाही. मग त्याने ते घालू नये, असं आपण का शिकवायचं?

आता चैनीचा आरोप. चैन म्हणजे दुसऱ्याने कष्ट करायचे आणि आपण बसून घ्यायचं, असा अर्थ असेल, तर अशा बोटीवर चैन कमीच. बसायला धड जागा नाही, झोप निम्मी, आणि दोर ओढून हाताला घट्टे. गोडं पाणी टाकीत असेल तेवढंच, म्हणून अंघोळ मिनिटभराची आणि कित्येक बोटींवर भांडी आधी समुद्राच्या पाण्यात खळबळायची. मोठ्या शहरातल्या मुलांना हे अवघड जातं. आमच्या मुलांना जाणार नाही. टँकरच्या रांगेत घागर धरून वाढलेल्या, एका बादलीत अंघोळ उरकून तेच पाणी जास्वंदीला घालणाऱ्या घरातल्या मुलीला पाण्याचा हिशेब शिकवावा लागत नाही. दुष्काळाने आम्हाला बरंच काही नाकारलं, पण जे शिकवलं ते अशा ठिकाणी कामी येतं. त्याच दुष्काळाचं नाव सांगून तिला तिथे जाऊ न देणं हा अन्याय आहे.

‘आधी गावात पाणी आणा, मग शिडाच्या गोष्टी करा’ हे वाक्य मी अनेकांकडून ऐकलं. ऐकायला ते रास्त वाटतं. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली, तेव्हा इथल्या प्रत्येक घराने ती बातमी जिवाला लावून घेतली होती. पण त्या पाण्याचा आणि या सहलीचा हिशेब एकमेकांत कसा बसतो, हे मला कुणी सांगावं. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने वर्षभर वाचवलेले पैसे बोटीवर खर्च केले नसते, तर त्या पैशातून आमच्या तेरणा नदीला पाणी आलं असतं का? पाण्याचा प्रश्न पीकपद्धतीचा आहे, उसाचा आहे, बोअरवेलचा आहे, पाटबंधाऱ्याच्या कारभाराचा आहे. त्यावर भांडायला हवं आणि आम्ही भांडतोच. २०२५ च्या सप्टेंबरात तर आमच्याच धाराशिव जिल्ह्यात पुराने पिकांसकट माती वाहून गेली. म्हणजे कोरड्या वर्षी ‘आधी पाणी’ आणि ओल्या वर्षी ‘आधी नुकसानभरपाई’. हा ‘आधी’ कधी संपत नाही, आणि त्याच्या मागे उभं राहून गरीब भागातल्या मुलांच्या प्रत्येक आनंदाला थांब म्हणता येतं. मुंबईतल्या मुलाला आधी धारावीचं गटार दुरुस्त कर, मग गोव्याला जा, असं कुणी म्हणत नाही.

पैशाबद्दल एवढंच सांगतो. व्हिट्संडेच्या सहलीला काहीशे ऑस्ट्रेलियन डॉलर लागतात, तिकीट-व्हिसा वेगळा. रक्कम लहान नाही. पण ज्या गावात लग्नासाठी शेत गहाण पडतं, वरातीत डीजेवर एका रात्रीत पैसा उडतो आणि हप्त्यावर बुलेट घेतली तर पेढे वाटले जातात, त्या गावाने कमावत्या मुलाला त्याच्याच पैशाचा हिशेब विचारू नये.

आता त्या म्हणण्याकडे येतो ज्याने मला हा लेख लिहायला लावला: आपला समुद्राशी संबंध काय? गंमत करायला म्हणून नव्हे, खरोखर विश्वासाने हे विचारलं जातं. माकणीपासून अरबी समुद्र चारशेच्या आसपास किलोमीटर. आमच्यातल्या कित्येक म्हाताऱ्यांनी तो कधीच पाहिला नाही. पण गावाच्या अंगाला निम्न तेरणा प्रकल्पाचं धरण आहे. तेरणा पुढे मांजरेला मिळते, मांजरा गोदावरीला, आणि गोदावरी आंध्रात बंगालच्या उपसागराला. पावसाळ्यात इथले दरवाजे उघडले की सुटलेलं पाणी अखेर त्या समुद्राकडे जातं, ज्यात अंदमान आहे. हे भूगोलाच्या पुस्तकातलं सत्य आहे आणि आमच्या शाळेतला कुठलाही पाचवीचा पोरगा ते नकाशावर बोट फिरवून दाखवू शकतो.

भूगोल बाजूला ठेवला तरी माणसांचा दाखला आहे. भारतीयाने एकट्याने शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी, ही कल्पना नौदलात लावून धरली ती व्हाइस अॅडमिरल मनोहर आवटी यांनी. १९७१ च्या युद्धात त्यांनी ‘कामोर्टा’ या युद्धनौकेचं नेतृत्व केलं, पुढे ते पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख झाले. निवृत्तीनंतर ते राहायला गेले ते कुठल्या बंदरावर नव्हे, साताऱ्याच्या फलटण तालुक्यातल्या विंचुर्णी या खेड्यात. फलटणचा पाऊस किती ते माणदेशाशेजारच्या कुणालाही विचारा. त्या माळावरच्या म्हाताऱ्या दर्यावर्दीने ध्यास धरला, गोव्यातल्या दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या गोदीत ‘म्हादेई’ ही १७ मीटरची बोट बांधली गेली, आणि कमांडर दिलीप दोंदे १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघाले. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाउन अशा फक्त चार ठिकाणी थांबून मे २०१० मध्ये ते परतले. अशी प्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. आवटी २०१८ मध्ये गेले. फलटणच्या माळाला समुद्राशी काय घेणं, असं त्यांना कुणी ऐकवलं असतं, तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं ते त्यांच्या कामातून दिसतंच.

आणि हा छंद गोऱ्यांचा, असं म्हणणाऱ्यांनी भाऊच्या धक्क्यावरच्या जुन्या माणसांशी बोलावं. कोकण रेल्वे येण्याआधी मुंबईहून रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला करत गोव्यापर्यंत आगबोट जात असे. गिरणीतला चाकरमानी, माहेरवाशीण, कोंबडी नि फणस घेतलेल्या म्हाताऱ्या, सगळे डेकवर वळकटी पसरून अनोळखी माणसांशेजारी रात्र काढत. बंदरात धक्का नसेल तर बोट बाहेर थांबे आणि लोक पडावात उतरून किनाऱ्याला लागत. समुद्रावर डेकवर झोपणं हे त्या काळी मराठी कामकरी माणसाचं नेहमीचं जगणं होतं. शिडांचा काळ त्याआधीचा, पण तोही आपलाच. फेब्रुवारी १६६५ मध्ये शिवाजी महाराज मालवणहून ८५ गलबतं आणि तीन मोठी जहाजं घेऊन बसरूरच्या मोहिमेला स्वतः समुद्रमार्गे गेले. महाराज घाटमाथ्यावरचे होते, आणि पन्नास वर्षांच्या त्या आयुष्यात त्यांनी आरमार उभं केलं ते समुद्राकडे पाठ न फिरवता.

गावातल्या लोकांनी वारीची जाण ठेवून या सहलीकडे पाहावं, अशी माझी विनंती आहे. दिंडीत आपण अनोळखी माणसांशेजारी झोपतो, मिळेल ते खातो, कामं वाटून घेतो, पायाला फोड आले तरी चालतो, आणि परतताना चार नवी घरं जोडलेली असतात. बोटीवर विठ्ठल नसतो, म्हणून दोन्ही एकच असं मी म्हणणार नाही. पण अनेक दिवस एकत्र, अडचणीत, शिस्तीत प्रवास करण्याची सवय ज्या समाजाला आहे, त्याने बोटीवरच्या समूहाला मोकाट म्हणू नये.

जिवाच्या धोक्याचा मुद्दा मात्र झटकून टाकण्यासारखा नाही. तो खरा आहे. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येला, भाऊच्या धक्क्याहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून अधिक माणसं बुडाली. २४ मे २०२२ ला तारकर्लीला स्कुबाहून परतणारी बोट उलटून पर्यटक गेले. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’वर नौदलाची वेगवान बोट आदळली. शंभराहून अधिक प्रवासी होते, अनेकांच्या अंगात लाइफ जॅकेट नव्हतं, पंधरा जीव गेले. ज्याला मुलगा आहे त्याला या बातम्या वाचून भीती वाटणारच. पण या तिन्ही वेळा माणसं मेली ती पाण्यावर गेली म्हणून? बोटीत माणसं किती भरायची, जॅकेट कधी घालायचं, हवा बिघडली तर निघायचं की नाही, वेगवान बोटीची चाचणी प्रवासी मार्गावर घ्यायची की नाही, हे ठरवणाऱ्यांनी आपलं काम केलं नाही म्हणून मेली. मुलाला घरी बसवून ती कामं होत नाहीत. जॅकेट अंगात घातल्याशिवाय बोट हलू द्यायची नाही, असं म्हणणारे प्रवासी असतील तेव्हा होतात.

आणि घरी बसवलेला मुलगा सुरक्षित असतो, हे कुणी ठरवलं? आमच्या भागात माणसं समुद्रात बुडत नाहीत. धरणात बुडतात, विहिरीत बुडतात, शेततळ्यात बुडतात. पोळ्याला बैल धुवायला गेलेलं पोर, गणपती विसर्जनाला उतरलेले तरुण, उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडे आलेली भावंडं. मे महिन्यातलं मराठवाड्यातलं कुठलंही वर्तमानपत्र काढा, अशी बातमी सापडते. ‘मागेल त्याला शेततळे’ योजना २०१६ ला आली आणि शिवारात शेततळी झाली. पाणी टिकावं म्हणून आत प्लास्टिकचा कागद अंथरतात. तो ओला झाला की पाय ठरत नाही, उतारावर हाताला धरायला काही नसतं, आणि पोहता येणारा माणूससुद्धा वर चढता चढता थकून बुडतो. कडेला एक जाड दोर आणि हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवली तर जीव वाचतो. किती शेततळ्यांवर ती दिसते?

पूर्वी आमच्याकडे पोरं पोहायला शिकत. पाठीला वाळका भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधून थोरला भाऊ विहिरीत ढकलून द्यायचा, वरून आजोबा ओरडायचे, आठ-दहा दिवसांत पोरगं मुटका मारायला लागायचं. आता विहिरीचं पाणी खोल गेलं, बोअर आल्या, पायऱ्यांच्या विहिरी बुजल्या, आणि ती शिकवणी संपली. मुलींना तर ती क्वचितच मिळाली. धरणाच्या गावात वाढून पोहता न येणारी एक पिढी तयार झाली आहे. धरणात मासे धरणारे भोई थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं टाकतात, त्यांच्या अंगातही जॅकेट नसतं. ज्यांना समुद्रसहलीतला धोका दिसतो, त्यांना हा रोजचा धोका का दिसत नाही, याचं उत्तर मला हवं आहे. बोटीच्या सहलीला जाऊन आलेलं पोर निदान तीन गोष्टी शिकून येतं: जॅकेट नीट कसं बांधायचं, पाण्यात घाबरलेल्या माणसाजवळ कसं जायचं, आणि वारा फिरला तर परत फिरायचं. त्या तीन गोष्टी आम्हाला माकणीत हव्या आहेत.

मुलींबद्दल बोलताना लोक आवाज खाली आणतात. मी आणणार नाही. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला आगबोटीने अमेरिकेला निघाल्या, तेव्हाही समुद्र ओलांडणारी बाई धर्म बुडवते असंच म्हटलं गेलं. जाण्याआधी त्यांनी श्रीरामपूरला, बंगालमधल्या, भर सभेत उभं राहून आपण का जातो ते सांगितलं होतं. २०१७ च्या सप्टेंबरात ‘तारिणी’ बोटीवरून नौदलाच्या सहा महिला अधिकारी गोव्याहून निघाल्या आणि मे २०१८ मध्ये पृथ्वीला वळसा घालून परतल्या. ११ सप्टेंबर २०२५ रोजी मुंबईहून ‘त्रिवेणी’ ही शिडाची बोट निघाली, तिन्ही सैन्यदलांच्या दहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन, आणि तिचं नेतृत्व लेफ्टनंट कर्नल अनुजा वरूडकर यांच्याकडे. त्या प्रशिक्षित सैनिक आहेत, सहलीला गेलेल्या पदवीधर मुलीची आणि त्यांची तुलना नको, हे मान्य. पण बाईने बोटीवर रात्र काढू नये, हा मुद्दा त्यांनी संपवला आहे. उरतो तो सुरक्षिततेचा प्रश्न आणि तो नेमका विचारता येतो. बोटीला परवाना आहे का, सुकाणू धरणाऱ्याकडे प्रमाणपत्र आहे का, खलाशांत बाई आहे का, झोपायची जागा वेगळी मिळते का, किनाऱ्याशी संपर्काचं यंत्र चालू आहे का, आधी जाऊन आलेल्या मुली काय सांगतात. बापाने हे प्रश्न मुलीबरोबर बसून विचारले तर तो तिच्या बाजूचा. नुसतं ‘नको’ म्हणाला तर ती न सांगता जाईल, आणि मग खरंच काळजी करावी लागेल.

विरोधकांच्या दोन गोष्टी मला मान्य आहेत, आणि त्या मी आडपडदा न ठेवता मान्य करतो. काही ठिकाणी अशा बोटी म्हणजे रात्रभर दारू आणि कर्कश गाणी एवढंच असतं. दारू प्यालेला माणूस आणि डेकची ओली कड, यातून मरण येतं. अशा बोटीवर आपल्या मुलांनी जाऊ नये, आणि मी इथे तिची वकिली करत नाही. दुसरी गोष्ट प्रवाळाची. नांगर टाकला की प्रवाळाच्या फांद्या मोडतात, पाय ठेवला की मरतात, आणि त्या वाढायला वर्षानुवर्षं लागतात. ग्रेट बॅरियर रीफ १९७५ च्या कायद्याने संरक्षित आहे. तिथे प्रत्येक पर्यटकाकडून पर्यावरण शुल्क घेतात, कुठे मासेमारी चालेल नि कुठे नाही ते नकाशावर ठरलेलं आहे, आणि ठिकठिकाणी बोटी बांधायला तरंगते गोळे सोडलेले आहेत, म्हणजे नांगर प्रवाळावर पडत नाही. तरीही २०१६ पासून समुद्र तापल्यामुळे ते प्रवाळ पुन्हा पुन्हा पांढरं पडलं. विमानाने तिथे जाणाऱ्या प्रत्येकाचा त्यात वाटा आहे, आमच्या मुलांचाही. मालवणच्या पाण्यात आपण यातलं किती पाळतो, हा प्रश्न इथे येऊन विचारणारी मुलं मला हवी आहेत, आणि तो प्रश्न विचारता यावा म्हणून त्यांनी चांगली व्यवस्था एकदा डोळ्यांनी पाहावी असं वाटतं.

कारण आपल्याकडे ती व्यवस्थाच नाही. महाराष्ट्राला शाळेच्या पुस्तकात ७२० किलोमीटर किनारा आहे. त्या किनाऱ्यावर सामान्य घरातल्या मुलामुलींना दोन दिवस शिडाच्या बोटीत राहून समुद्र शिकता येईल, अशी परवडणारी सार्वजनिक सोय शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. मुंबईत क्लब आहेत, त्यांची दारं आमच्यासारख्यांना उघडत नाहीत. लक्षद्वीपला कोचीहून सरकारी जहाजाने पाच दिवसांची बेटांची सहल होते, ती चांगली आहे, पण तिथे आपण प्रवासी असतो, दोराला हात लागत नाही. किल्ल्याच्या फेरीला नि स्कुबाच्या अर्ध्या तासाला आपण समुद्रपर्यटन म्हणतो. हे असं राहिलं, कारण मागणीच झाली नाही. मागणी झाली नाही, कारण ‘आपला काय संबंध’ हे आपणच ठरवून टाकलं.

म्हणून माझी मागणी आहे, आणि ती समुद्रापासून चारशे किलोमीटर आत आहे. निम्न तेरणाच्या पाण्यावर जिल्हा परिषदेने आणि क्रीडा विभागाने मिळून पोहणं आणि शिडाची बोट शिकवणारं केंद्र सुरू करावं. सुरुवातीला आठ-दहा छोट्या बोटी पुरतात. ‘ऑप्टिमिस्ट’ नावाची मुलांची बोट असते, लांबी जेमतेम अडीच मीटरच्या आत, एक मूल बसतं, सातवी-आठवीची पोरं ती चालवतात. भोयांच्या मुलांना पहिली संधी द्यावी, कारण ते पाणी त्यांच्या हाताखालचं आहे आणि पुढे शिक्षक तेच होऊ शकतात.

हे स्वप्नरंजन आहे असं कुणी म्हणू नये. आमच्या आजोबांची राजधानी जे हैदराबाद, तिथल्या हुसेनसागर तलावात शिडाच्या बोटींच्या राष्ट्रीय पातळीवरच्या स्पर्धा होतात आणि गरीब वस्तीतली मुलं त्यात उतरतात. मध्य प्रदेशाला तर समुद्रच नाही. देवास जिल्ह्यातल्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर भोपाळच्या तलावात बोट चालवायला शिकली आणि २६ सप्टेंबर २०२३ रोजी हांगझोच्या आशियाई स्पर्धेत तिने मुलींच्या आयएलसीए-४ प्रकारात रौप्यपदक मिळवलं. देवासच्या सोयाबीनच्या रानातली मुलगी जे करू शकते, ते लोहाऱ्याच्या सोयाबीनच्या रानातली का करू शकणार नाही, याचं एकही कारण मला सापडत नाही.

एक आक्षेप येईल हे मला ठाऊक आहे, आणि तो रास्त आहे: हे धरण पिण्याच्या पाण्याचं आहे, आसपासच्या गावांच्या योजना त्यावर चालतात, तिथे बोटी कशाला? शिडाच्या बोटीला इंजिन नसतं, तेल नसतं, धूर नसतो. भोपाळचा मोठा तलाव शहराला पिण्याचं पाणी देतो आणि नेहा ठाकूरसारखी मुलं त्यातच शिकली. हरित न्यायाधिकरणाने २०२३ मध्ये तिथल्या क्रूझ आणि मोटरबोटींवर बंदी घातली, ती पाणी खराब होऊ नये म्हणूनच. माकणीतही तसाच नियम करावा: मोटरबोट एकही नको, प्लास्टिक काठावरच तपासून घ्यावं, पाणी मृतसाठ्याजवळ गेलं की केंद्र बंद ठेवावं आणि त्या महिन्यांत मुलांना वाऱ्याचा, दोराच्या गाठींचा, प्रथमोपचाराचा अभ्यास शिकवावा. या अटींवर ग्रामसभेत ठराव मांडायला मी तयार आहे. ज्यांना बोटीवरच्या मुलांचे फोटो पाहून लाज वाटली, त्यांनी त्या दिवशी सभेला यावं आणि तिथे उभं राहून या ठरावाला विरोध का, ते सांगावं.